माहिती प्रसिद्ध झाली, पण सापडली का?

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात काम करीत असताना एका प्राथमिक शाळेतील शिक्षिका भेटावयास आल्या. त्यांच्या शाळेतील चार मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदत टळल्याच्या शेऱ्यासह परत आले होते. त्या वर्षी मुदत पंधरा दिवसांनी अलीकडे आणण्यात आली होती. तसे परिपत्रक संबंधित कार्यालयाने वेळेवर काढले होते आणि संकेतस्थळावरही ठेवले होते. “मी शोधले होते हो, साहेब,” बाई म्हणाल्या, “पहिले पान निघाले ते उघडले आणि त्यातली तारीख फळ्यावर लिहून टाकली.” त्यांनी मोबाईलवर तेच शब्द पुन्हा घालून दाखविले. पहिल्या क्रमांकावर आले ते आदल्या वर्षीचे परिपत्रक. त्याच्या मथळ्यात वर्षाचा उल्लेख नव्हता. नवे परिपत्रक पहिल्या तीन पानांत कोठेच नव्हते.

त्या कार्यालयाने नियमाप्रमाणे काहीच चुकविले नव्हते. शिक्षिकेनेही हयगय केली नव्हती. तरीही चार मुलींचे वर्ष गेले. या दोहोंच्या मध्ये जे यंत्र उभे होते, त्याच्या कामाची रीत दोन्ही बाजूंस ठाऊक नव्हती. ती समजावून घेणे आता तंत्रज्ञांपुरते राहिलेले नाही. ज्याच्या स्वाक्षरीने माहिती प्रसिद्ध होते, त्या प्रत्येकाचा हा विषय झाला आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मधील एका तरतुदीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कलम ४(१)(ख) मधील सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या असतात, हे आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु त्याच्या आधीच्या उपखंडात, अभिलेखांची सूची व निर्देशसूची अशा रीतीने ठेवावी की माहिती मिळविणे सुकर व्हावे, असा दंडक आहे. म्हणजे कायद्याने केवळ प्रसिद्धी मागितलेली नाही, ती सापडण्याची सोयही मागितली आहे. २००५ साली ही सूची अभिलेख कक्षातील नोंदवहीत असे. आज बहुसंख्य नागरिकांपुरती ती सूची गूगलसारखे शोधयंत्र ठेवते, आणि ती आपल्याला विचारून ठेवीत नाही.

यंत्र वाचते कसे?

शोधयंत्र, म्हणजे सर्च इंजिन, आपण प्रश्न विचारला की त्या क्षणी सारे महाजाल धुंडाळते, असा एक समज आहे. तसे ते करीत नाही. त्याचे काम आधीच झालेले असते. त्याच्या आज्ञावल्या एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे, दुव्यांच्या वाटेने, अहोरात्र फिरत असतात. जे पृष्ठ भेटेल त्याचा मजकूर त्या वाचतात. मग त्या मजकुरातील शब्दांची एक प्रचंड सूची तयार होते. पुस्तकाच्या अखेरीस असते तशीच, कोणता शब्द कोणत्या पानावर आला हे सांगणारी. आपण प्रश्न विचारतो तेव्हा यंत्र ही सूची उघडते आणि जुळणारी पृष्ठे एका क्रमाने मांडते. फिरणे, नोंदणे आणि क्रम लावणे या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन चुकल्या तर तिसरीचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या पृष्ठाकडे कोठूनही दुवा जात नाही, ते पृष्ठ म्हणजे वाट नसलेली वाडी. तेथे पाहणीस कोणी पोहोचत नाही.

क्रम लावण्याचे काम मात्र खरे अवघड आहे. १९९० च्या दशकातील पहिली शोधयंत्रे मुख्यतः शब्द मोजत. ज्या पृष्ठावर विचारलेला शब्द अधिक वेळा, ते पृष्ठ वर. ही रीत लवकरच निकालात निघाली, कारण तीत लबाडी करणे अत्यंत सोपे होते. एखादा शब्द पृष्ठाच्या तळाशी पाचशे वेळा लिहावा, तोही पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसास दिसू नये आणि यंत्राने मोजावा. असे प्रकार सर्रास चालत.

यावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गी ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जो उपाय शोधला, त्याचे मूळ विद्वानांच्या जुन्या प्रथेत आहे. एखाद्या शोधनिबंधाचे महत्त्व त्याचा आधार इतर किती निबंधांनी घेतला यावरून ठरते. तोच न्याय त्यांनी महाजालातील दुव्यांस लावला. एका पृष्ठाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही जणू शिफारस होय. परंतु सर्व शिफारशी सारख्या नव्हेत. ज्या पृष्ठास स्वतःला अनेकांची मान्यता आहे, त्याची शिफारस वजनदार. आणि जे पृष्ठ शेकडो जणांची शिफारस करीत सुटते, त्याचे वजन त्या शेकडोंत वाटले जाते. शिफारसपत्रांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्या आपल्या वाचकांस हे तत्त्व अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. या पद्धतीस पेजरँक असे नाव पडले आणि १९९८ मध्ये तिच्या बळावर गूगल कंपनी उभी राहिली. आज क्रम ठरविताना इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात: मजकुराचा प्रश्नाशी असलेला संबंध, त्याचा ताजेपणा, वाचकाची भाषा व स्थान, पृष्ठ मोबाईलवर नीट दिसते की नाही. तथापि मान्यताप्राप्ताने दिलेल्या शिफारशीचे तत्त्व अद्यापि कायम आहे.

आडवाटा आणि त्यांचा शेवट

शिफारशीस मोल आले की शिफारशींचा बाजारही भरतो. दुवे विकत मिळू लागले. केवळ एकमेकांस दुवे देण्यासाठी हजारो निरर्थक स्थळे उभारण्यात आली. या व्यवहारात मोठमोठी नावेही सापडली. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले. यंत्रासाठी ‘जुन्या मोटारी’ या अर्थाच्या शब्दांनी भरलेली पृष्ठे दाखवावयाची आणि माणूस आला की त्यास निराळ्याच पृष्ठावर न्यावयाचे, असा प्रकार तेथे आढळला होता. ती पृष्ठे हटविल्यानंतर काही दिवसांनी स्थळ पुन्हा सूचीत आले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी ही दुकानांची मोठी साखळी २०१० च्या अखेरीस कपडे, अंथरुणे, गालिचे अशा अनेक शब्दांना पहिल्या क्रमांकावर दिसू लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने शोध घेतला, तेव्हा या वस्तूंशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पृष्ठांवर या दुकानाचे दुवे पेरलेले निघाले. गूगलने कारवाई केली आणि एका प्रवासी बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. आपणांस या दुव्यांची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार संस्थेस दूर केले. काम ठेकेदाराकडे सोपविले तरी नाव आपलेच जाते, ही गोष्ट बांधकामात आपण जाणतो. येथेही ती तशीच आहे.

त्याच महिन्यात गूगलने आपल्या पद्धतीत ‘पांडा’ या नावाने ओळखला जाणारा बदल केला. इतरांचा मजकूर उचलून किंवा उथळ लेखांच्या राशी घालून वर येणारी स्थळे त्याने खाली ढकलली. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांच्या निकालात त्यामुळे जाणवण्याजोगा फरक पडला, असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ या बदलाने विकतच्या दुव्यांवर प्रहार केला. मार्च २०२४ मध्ये आणखी नियम आले. क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात मजकूर तयार करणे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, हा गैरप्रकार ठरला. तसेच मुदत संपलेले जुने नावाजलेले पत्ते विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर भलताच मजकूर खपविणे, हेही निषिद्ध ठरले.

या शेवटच्या प्रकाराशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो. एखाद्या मोहिमेसाठी अथवा महोत्सवासाठी स्वतंत्र पत्ता घ्यावयाचा, त्यावर वर्षभर काम करावयाचे आणि नूतनीकरणाचे शुल्क भरण्यास विसरावयाचे, हे अनेक ठिकाणी घडते. तो पत्ता मोकळा होताच दुसरा कोणी घेतो. शाळांनी, पंचायतींनी व वृत्तपत्रांनी त्या पत्त्यास दिलेले दुवे जागच्या जागीच असतात. त्या दुव्यांवरून गेलेला पालक जुगाराच्या पानावर उतरतो. म्हणून शासकीय कामासाठी शक्यतो ‘जीओव्ही डॉट इन’ या अंत्यनामाखालीच जागा घ्यावी. हे अंत्यनाम केवळ शासकीय संस्थांनाच मिळते आणि खुल्या बाजारात विकले जात नाही.

लोक ज्या शब्दांनी विचारतात

आता आपल्या मजकुराकडे वळू. चांगला मजकूर म्हणजे अलंकारिक मजकूर नव्हे. विचारणाऱ्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर ज्यात आहे, तो चांगला मजकूर. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण साहित्याचे असल्यामुळे ही गोष्ट मान्य करावयास त्यास काही वर्षे लागली, हेही कबूल करावयास हवे.

प्रश्न विचारणारा माणूस आपल्या शब्दांनी विचारतो. महसूल खात्याच्या दृष्टीने गाव नमुना सात हा ‘अधिकार अभिलेख’ होय आणि गाव नमुना बारा ही ‘पिकांची नोंदवही’. शेतकरी मात्र दोहोंस मिळून ‘सातबारा’ म्हणतो आणि शोधतानाही तेच लिहितो, कित्येकदा रोमन अक्षरांत. जो ‘रहिवासी दाखला’ शोधतो, त्यास ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ हे शब्द सुचणार नाहीत. ‘घरपट्टी’ विचारणाऱ्यास ‘मालमत्ता कर’ असे शीर्षक असलेले पान आपले वाटत नाही. महसुलाचा ‘आठ-अ’ आणि ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ यांचा गोंधळ तर नित्याचाच. पहिल्यात खातेदाराच्या नावावरील एकूण जमीन असते, तर दुसरी असते गावातील घरांची कर आकारणी. बँकेने एक मागावा आणि माणसाने तासभर रांगेत उभे राहून दुसरा आणावा, हे दृश्य कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावयास मिळते. या दोहोंतील फरक चार ओळींत सांगणारे एखादे पृष्ठ ग्रामपंचायतीने लिहिले, तर ते वाचले जाईल आणि वरही येईल. कारण असा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत आणि नीट उत्तर देणारे थोडे.

याचा अर्थ अधिकृत संज्ञा टाकून द्याव्यात असा नव्हे. भाषा संचालनालयाने १९६० पासून शासनव्यवहाराची मराठी घडविण्यासाठी जे परिश्रम घेतले, त्यांचे मोल कमी नाही, आणि अर्जावर अखेर अधिकृत नावच लिहावे लागते. शीर्षकात अधिकृत नाव असावे व पहिल्याच वाक्यात बोलीतले नाव यावे, म्हणजे दोन्ही साधते. ‘मालमत्ता कर, म्हणजेच आपली घरपट्टी, कशी आकारली जाते व कोठे भरावयाची’ असे एक वाक्य पुरेसे आहे. ते वाक्य माणसास उपयोगी आहे म्हणून लिहावयाचे. ‘घरपट्टी’ हा शब्द वीस वेळा घुसडून लिहिला, तर वाचणाराही कंटाळतो आणि यंत्रासही आता तो डाव ओळखता येतो. डिसेंबर २०१९ पासून गूगलने मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांत वाक्याचा अर्थ जाणून घेणारी बर्ट ही प्रणाली वापरण्यास प्रारंभ केला. त्यामुळे शब्दाची आवृत्ती करण्याचे प्रयोजनही उरलेले नाही. पृष्ठाच्या अंतरंगात लपवून ठेवावयाच्या शब्दयाद्यांचीही तीच गत. गूगल त्या याद्या क्रमासाठी वापरीत नाही, असे त्या कंपनीने २००९ मध्येच सांगून टाकले आहे. अजूनही काही निविदांत त्यांच्यासाठी निराळी रक्कम दिसते, ती कशापोटी, हे विचारावयास हरकत नाही.

पृष्ठावर काय असावे, याचा आराखडा नव्याने शोधावयाची आवश्यकता नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने तो आखून दिला आहे: सेवा कोणती, किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण, प्रथम व द्वितीय अपील कोणाकडे. यात लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि कार्यालयाची वेळ यांची भर घातली की नागरिकास हवे असलेले बहुतेक सारे आले. दुर्दैवाने हीच माहिती आपल्या स्थळांवर एका लांबलचक तक्त्यात, दीडदोनशे सेवांच्या गर्दीत, बारीक अक्षरांत असते. एका सेवेस एक स्वतंत्र पृष्ठ आणि त्या पृष्ठास त्याच सेवेचे शीर्षक, एवढा एकच बदल केला तरी चित्र पालटते. सर्व पृष्ठांचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा केवळ कार्यालयाचे नाव असलेली स्थळे पाहिली, म्हणजे सर्व विद्यार्थ्यांस एकच नाव ठेवलेल्या वर्गाची आठवण होते. हजेरी घ्यावयाची कशी?

अक्षरे दिसतात, पण वाचली जात नाहीत

शिक्षिकेच्या प्रसंगातील नवे परिपत्रक मागे का राहिले, याचे उत्तर आता देता येईल. ते कागदावर छापून, त्यावर स्वाक्षरी घेऊन, मग यंत्रावर किंचित तिरपे ठेवून त्याचे छायाचित्र घेण्यात आले होते. धारिकेचे नाव म्हणजे एक क्रमांक. दुव्यावर शब्द एकच, ‘परिपत्रक’. माणसास जे पत्र दिसत होते, ते यंत्रास एक चित्र होते. चित्रातील अक्षरे ओळखण्याची कला यंत्रांस काही प्रमाणात साधली आहे खरी, परंतु फिकट छपाई, शिक्का आणि देवनागरी जोडाक्षरे यांपुढे ती वारंवार हार खाते. आदल्या वर्षीचे परिपत्रक कोणीतरी टंकलिखित मजकूर म्हणून ठेवले होते, म्हणून ते वाचले गेले आणि वर राहिले. स्वाक्षरीची प्रत हवीच असेल तर ती जरूर ठेवावी. परंतु तिच्या शेजारी, पृष्ठावरच, विषय, दिनांक, कोणास लागू आणि काय बदलले एवढा साधा मजकूर टंकलिखित असावा. अंध व्यक्तींची वाचनयंत्रेही तोच मजकूर वाचतात. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम तयार झालेल्या आणि २०२३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा भर याच सुगम्यतेवर आहे.

मराठीची आणखी एक अडचण इंग्रजीत लिहिणारांस कधी जाणवली नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपली कार्यालये ज्या टंकांत लिहीत, त्यांत देवनागरी अक्षर हे रोमन अक्षराचा मुखवटा असे. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसे, साठवणीत मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असे. असा मजकूर शोधयंत्रास मराठी म्हणून वाचता येत नाही. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान होते, परंतु आपल्या टेबलांपर्यंत ते पोहोचावयास दीड-दोन दशके गेली. त्या मधल्या काळातील कितीतरी धारिका आजही स्थळांवर तशाच पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये परिवर्तित केल्यावाचून त्यांतील एकही शब्द शोधात येणार नाही.

युनिकोडमध्ये लिहूनही एक खाच राहते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. मोठी शोधयंत्रे असे भेद बहुधा सांभाळून घेतात, पण आपल्याच स्थळावरील साधी शोधपेटी ते सांभाळीलच असे नाही. एकाने एका पद्धतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर शेतकऱ्यांविषयीची योजना शेतकऱ्यास मिळत नाही. कार्यालयातील सर्वांनी एकच कळफलक वापरणे, इतका साधा उपाय याला आहे.

जुने पान, नवा पत्ता

स्थळाचे नूतनीकरण हा समारंभाचा प्रसंग असतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम हाती घेतला, त्यात संकेतस्थळ अद्ययावत करण्याचा समावेश होता आणि त्यामुळे बरेच जुने मजकूर हलले, हे चांगलेच झाले. परंतु नूतनीकरणात एक नुकसान हमखास होते. जुन्या पृष्ठांचे पत्ते बदलतात आणि इतरांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे रिकाम्या जागी जाऊन थांबतात. शिफारशी असतात, पण ज्याची शिफारस तो त्या घरी राहत नाही. घर बदलल्यावर आपण टपाल कार्यालयास नवा पत्ता कळवितो, तशीच सोय येथे आहे. जुन्या पत्त्यावर येणारास नव्या पत्त्याकडे कायमचे वळविण्याची सूचना सर्व्हरवर ठेवता येते. शोधयंत्रही ती सूचना मानते आणि जुन्या पृष्ठाची पत नव्याच्या नावे करते. हे काम करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले असावे. लिहिलेले नसेल तर ते होत नाही, हा अनुभव आहे.

जुनी परिपत्रके काढून टाकावीत काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते काढू नयेत. न्यायालयीन प्रकरणांत, सेवाविषयक दाव्यांत आणि अभ्यासकांस त्यांची गरज पडते. मात्र त्या पृष्ठाच्या डोक्यावर ‘हे परिपत्रक अमुक वर्षापुरते होते, चालू वर्षाचे येथे पहावे’ अशी ओळ आणि नव्या परिपत्रकाचा दुवा द्यावा. मथळ्यात वर्ष असावे. याहून चांगली रीत म्हणजे दरवर्षी येणाऱ्या योजनेस एकच कायमचे पृष्ठ ठेवावे आणि त्याच पत्त्यावर दरवर्षी मुदत बदलावी. त्या पृष्ठास मिळालेली मान्यता मग वर्षागणिक साठत जाते, दरवर्षी शून्यापासून आरंभ करावा लागत नाही. २०२४ पासून गूगलसारखी शोधयंत्रे कित्येक प्रश्नांना दुव्यांच्या आधी यंत्राने रचलेले सारांशरूप उत्तर दाखवू लागली आहेत. तारीख नसलेले जुने पान अशा सारांशात शिरले, की चुकीची मुदत अधिकच ठामपणे सांगितली जाते.

येथपर्यंत सांगितलेल्या गोष्टींस पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. फलही सावकाश दिसते. एखाद्या बदलाचा परिणाम काही तासांत दिसू शकतो, परंतु कित्येक महिनेही लागू शकतात. या विलंबाचा फायदा घेऊन पंचायतींकडे व शाळांकडे दूरध्वनी येतात: ‘आपले स्थळ महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणू, हमी देतो.’ अशी हमी कोणासही देता येत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ म्हटले आहे. पैसे घेऊन नैसर्गिक क्रम वर नेला जात नाही. जाहिरातीची जागा विकत मिळते, पण तीवर ‘प्रायोजित’ असा शब्द असतो. स्थळ कोणत्या शब्दांनी शोधले जाते, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, याचा गेल्या सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब ‘सर्च कन्सोल’ या साधनात स्थळाच्या मालकास विनामूल्य पाहता येतो. ग्रामसभेपुढे एकदा तो तक्ता ठेवून पाहावा. आपले लोक काय विचारीत आहेत आणि आपल्याजवळ कशाचे पान नाही, हे पाच मिनिटांत कळते.

मोकळी जागा कोण भरतो?

शासनाचे पृष्ठ वर आले नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही. हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग होय. पारपत्र सेवेच्या अधिकृत स्थळास, तशाच नावांची बनावट स्थळे अर्जदारांकडून माहिती व जादा पैसे उकळीत असल्याचा इशारा, त्या स्थळांची नावे देऊन प्रसिद्ध करावा लागला. बँका, वीज देयके, दाखले, नोकरभरती, सर्वत्र हा प्रकार आहे. बनावट स्थळ चालविणारा माणूस लोकांचे शब्द जाणतो, मोबाईलवर चटकन उघडेल असे पान करतो आणि शीर्षकात चालू वर्ष न चुकता लिहितो. म्हणजे वर सांगितलेल्या चांगल्या रीतींपैकी बाहेरून दिसणाऱ्या सर्व तो पाळतो. त्याच्यापाशी नसते ती एकच गोष्ट: खऱ्या संस्थांनी दिलेली मान्यता. ती आपल्यापाशी आहे, पण आपण ती वापरीत नाही. जिल्हा परिषदेचे पान पंचायत समितीस दुवा देत नाही, पंचायत समितीचे शाळांस देत नाही, आणि शाळेच्या पानावर शिष्यवृत्तीच्या अधिकृत पृष्ठाचा दुवा नसतो. हे दुवे विकतचे नव्हेत, ते खऱ्या नात्याचे आहेत. शिक्षकांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गटांत परिपत्रकाचे छायाचित्र पाठविण्याऐवजी अधिकृत पृष्ठाचा पत्ता पाठविण्याची सवय लावली, तरी लोकांच्या पायाखालची वाट तिकडे वळेल.

आपल्या कार्यालयाच्या नावाचे बनावट पान आढळल्यास त्याचा पत्ता व पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे, शोधयंत्राच्या तक्रार अर्जात ते कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावता दूरध्वनी करावा, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्याच दिवशी आपल्या अधिकृत पृष्ठाच्या वरच्या भागात, टंकलिखित मजकुरात, खरे शुल्क किती आणि ते कोठे भरावयाचे, एवढे लिहून खाली दिनांक घालावा.